पाच सूचना, पण रोज



या सभागृहातल्या बहुतेकांनी गेल्या काही वर्षांत घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाला रुग्णालयात दाखल केलेलं असेल. त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही. रुग्णालयातल्या वृद्ध रुग्णांसाठी एक फिरतं सल्लागार पथक असावं का, हा आजचा विषय. पथक म्हणजे वार्धक्यातल्या आजारांचा जाणकार डॉक्टर, त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेली परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवक. त्यांनी वॉर्डावॉर्डांत जाऊन म्हाताऱ्या रुग्णांना पाहायचं आणि मूळ डॉक्टरांना सल्ला द्यायचा. असं पथक असावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नुसतं पथक नेमल्याने रुग्णाचं भलं होत नाही, हेही जगभरातल्या चाळीसेक वर्षांच्या अनुभवाने दाखवून दिलं आहे. कशाने होतं, ते आज सांगायचं आहे.

आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. ब्याऐंशी वर्षांच्या आजी पहाटे बाथरूमला जाताना घसरतात. खुब्याचं हाड मोडतं. मोठ्या रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञांच्या नावावर त्या दाखल होतात. रक्तदाब आहे, मधुमेह आहे, सोडियम कमी आलं आहे, ईसीजीत थोडा बदल आहे. मग रेफरन्स सुरू होतात. हृदयरोगतज्ज्ञ टू-डी एको सांगतात, फिजिशियन साखरेच्या गोळ्या बदलतात, मूत्रपिंडाचे डॉक्टर सोडियमचं बघतात, भूलतज्ज्ञ फिटनेस मागतात. शस्त्रक्रियेच्या यादीत नाव असल्यामुळे आजी रात्रीपासून उपाशी. यादी लांबते, नाव उद्यावर जातं, उद्या पुन्हा उपाशी. चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र हरवायला नको म्हणून पिशवीत घालून नातेवाइकांच्या हवाली केलेलं असतं. लघवीची नळी घातलेली असते, आणि ती असली की सगळ्यांनाच सोयीचं पडतं म्हणून ती तशीच राहते. तिसऱ्या रात्री आजी नळी ओढतात, केव्हाच वारलेल्या भावाला हाका मारतात, सुनेला ओळखत नाहीत. झोपेचं इंजेक्शन दिलं जातं, हात खाटेला बांधले जातात. सकाळी मेंदूविकारतज्ज्ञांचा रेफरन्स जातो, सीटी स्कॅन होतो, आणि तो वयाच्या मानाने ठीक निघतो.

या फाइलीतला प्रत्येक डॉक्टर आपापल्या विषयात बरोबर आहे. तरीही काही साधे प्रश्न कुणीच विचारलेले नाहीत. पडण्याआधी आजी किती चालत होत्या? घरातल्या घरात, की देवळापर्यंत? स्मरणशक्ती कशी होती? औषधांच्या पिशवीत नेमक्या किती गोळ्या आहेत, आणि त्यातल्या कोणत्या वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता लिहिल्या आहेत? रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळीच सोडियम खाली आणत नाही ना? घरी परत गेल्यावर त्यांच्याजवळ कोण असेल? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आजींना स्वतःला काय हवं आहे?

रात्रीच्या त्या बरळण्याला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. आपण भ्रम म्हणू. हा वेडेपणा नव्हे, आणि म्हातारपणामुळे असं चालायचंच म्हणून सोडून देण्याची गोष्टही नव्हे. शरीरावर आलेल्या ताणापुढे थकलेल्या मेंदूने दिलेली ती धोक्याची सूचना असते. ताण कशाचाही असेल: जंतुसंसर्ग, वेदना, पोटात पाणी नसणं, झोपमोड, बद्धकोष्ठ, एखादी नवी गोळी. भ्रमाचं दुसरं रूप जास्त फसवं असतं. त्यात रुग्ण आरडाओरडा करत नाही, गप्प पडून राहतो. सकाळच्या राउंडला ‘आजी शांत आहेत’ एवढंच कळतं आणि दिवस निघून जातो. मला या गप्प रुग्णांची काळजी जास्त वाटते, कारण त्यांच्यासाठी कुणी कुणाला बोलावत नाही.

दुसरी हानी अंथरुणाची. अमेरिकेत अर्कान्सासला निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून मोजमाप केलं होतं. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं साधारण एक किलो मांस झडलं. ही माणसं निरोगी होती. खुबा मोडलेल्या, दोन दिवस उपाशी असलेल्या आजींचं काय होत असेल, याचा अंदाज करा. हाड जोडलं जातं, एक्स-रे उत्तम येतो, आणि बाई पुन्हा उभी राहत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, आणि शस्त्रक्रियेपुरतं ते खरंही असतं.

या सगळ्याकडे एकत्र पाहण्याची सुरुवात एका बाईने केली. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या जुन्या अनाथ-निराधारांच्या आश्रमातले ७१४ रुग्ण सोपवण्यात आले. बरे न होणारे म्हणून वर्षानुवर्षं पडून असलेली ही माणसं. वॉरनबाईंनी त्यांतल्या प्रत्येकाची नीट तपासणी केली, आजार ओळखले, गट पाडले. ज्यांना उठवता येईल त्यांना उठवलं, चालवलं, घरी पाठवता येतील त्यांना घरी पाठवलं. भिंतींचे रंग बदलले. १९४३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे मांडलं: वृद्धांसाठी वेगळी वैद्यकशाखा हवी, वेगळे कक्ष हवेत, आणि डॉक्टर, परिचारिका, व्यायाम शिकवणारे, समाजसेवक यांनी एकत्र काम करायला हवं. मूळ शल्यचिकित्सेचं शिक्षण घेतलेली ही बाई. पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते त्यांनी सातशे माणसं एकेक करून तपासली यात.

त्यांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार मिळायला १९८४ साल उजाडलं. लॉस एंजेलिसजवळ सेपुल्वेडा इथे माजी सैनिकांचं रुग्णालय होतं. तिथे लॉरेन्स रुबेनस्टाइन यांनी १२३ दुबळ्या वृद्ध रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. काहींना खास वृद्ध कक्षात ठेवलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. वर्षभरात नेहमीच्या गटातले ४८.३ टक्के रुग्ण दगावले, खास कक्षातले २३.८ टक्के. निम्मे. नर्सिंग होममध्ये राहायला जावं लागलेल्यांचं प्रमाणही बरंच कमी होतं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. तपशिलात तपासणी, औषधांची छाटणी, चालवणं, घरची व्यवस्था.

साहजिकच सगळ्यांना हे हवंसं वाटलं. पण कक्ष म्हणजे खाटा, खाटा म्हणजे जागा आणि माणसं, म्हणजे पैसा. म्हणून एक स्वस्त मार्ग पुढे आला: कक्ष नको, पथक नेमू. रुग्ण जिथे आहे तिथेच राहील, पथक येऊन सल्ला लिहून जाईल. कागदावर हे अगदी पटण्यासारखं होतं. १९९५ साली अमेरिकेतल्या चार रुग्णालयांतल्या २,३५३ रुग्णांवर केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पथकाने पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या रुग्णांच्या वर्षभरातल्या मृत्युदरात फरक पडला नव्हता. त्याआधी १९९३ साली आंद्रेआस स्टक आणि सहकाऱ्यांनी २८ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. त्यांचा निष्कर्ष मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. ज्या योजनांत वृद्धचिकित्सकाच्या हाती उपचार ठरवण्याचा अधिकार होता आणि घरी गेल्यावरही रुग्णाचा पाठपुरावा होत होता, त्या परिणामकारक ठरत होत्या. २०११ साली सहा देशांतले २२ अभ्यास, १०,३१५ रुग्ण एकत्र पाहिले गेले. खास कक्षात राहिलेले वृद्ध जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता जास्त होती. फिरत्या पथकाचा तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. २०१७ पर्यंत अभ्यास २९ झाले, रुग्ण १३,७६६. एकंदर पद्धतीचा फायदा टिकून राहिला, थोडा पण खरा. पथक की कक्ष, याचा निवाडा मात्र नुसत्या आकड्यांनी पक्का लागलेला नाही.

मग पथकं कुठे कमी पडली? रुग्णालयात काम केलेल्या माणसाला याचं उत्तर अवघड नाही. पथक येतं, तासभर रुग्णाला बघतं, फाइलीत दोन पानं लिहून जातं. पंधरा-वीस सूचना असतात. मूळ युनिटचे निवासी डॉक्टर सकाळपासून ओटीत. ते रात्री फाइल उघडतात, त्यातल्या रक्त तपासण्या तेवढ्या पाठवतात. ‘नळी काढावी’, ‘खुर्चीत बसवून जेवण द्यावं’, ‘रात्री दिवा मंद ठेवावा’ या सूचना कुणाच्या नावावर आहेत? डॉक्टर म्हणतात सिस्टरांच्या, सिस्टर म्हणतात मावशींच्या, आणि एका मावशीकडे तीस खाटा. सल्ला बरोबर असतो, तो अमलात आणणारं कुणी नसतं. शिवाय रेफरन्स जातो तोच मुळी भ्रम झाल्यावर, पाठीला जखम झाल्यावर. तोवर जे टाळता आलं असतं ते घडून गेलेलं असतं.

याच्या नेमकं उलट करून दाखवलं एडवर्ड मार्कँटोनियो यांनी, बॉस्टनमध्ये. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान आहे, खुबा मोडलेले १२६ रुग्ण. पण मला तो सगळ्यांत शिकवणारा वाटतो, म्हणून त्यावर थोडा वेळ घेतो.

बोलावणं येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. वृद्धचिकित्सक शस्त्रक्रियेआधीच, नाहीतर नंतरच्या चोवीस तासांत रुग्णापाशी पोहोचत आणि मग रोज येत. काय पाहायचं ते आधीच ठरलेलं होतं: प्राणवायू, पाणी आणि क्षार, वेदना, नको असलेली औषधं, शौच आणि लघवी, पोषण, लवकर उठवणं, गुंतागुंत, आजूबाजूचं वातावरण आणि भ्रम झालाच तर त्यावरचे उपचार. लघवीची नळी दुसऱ्या दिवसापर्यंत काढायची. आणि सूचनांना मर्यादा होती. पहिल्या भेटीत पाचांहून जास्त सूचना द्यायच्या नाहीत, नंतरच्या भेटीत तीन. सूचना कमी असल्या आणि देणारा उद्या पुन्हा येणार असला की त्या पाळल्या जातात. तिथे ७७ टक्के पाळल्या गेल्या. परिणाम असा की नेहमीच्या उपचारांत ५० टक्के रुग्णांना भ्रम झाला होता, या गटात ३२ टक्क्यांना. तीव्र भ्रमाचं प्रमाण २९ टक्क्यांवरून १२ वर आलं.

हेही पथकच होतं, सल्लाच होता. वेगळा कक्ष नव्हता, खाटा वाढल्या नव्हत्या. सल्ला वेळेवर, मोजका आणि रोज होता. मला वाटतं, आपल्याकडच्या पथकांचा पाया हाच असायला हवा.

इंग्लंडने आणखी एक पाऊल टाकलं. हेस्टिंग्ज गावच्या रुग्णालयात मायकेल डेव्हास या अस्थिरोगतज्ज्ञाने वृद्धचिकित्सकाला सोबत घेऊन एकत्र काम कधीच सुरू केलं होतं. पण सगळ्या देशाने ते उचललं २००७ नंतर, खुबा मोडलेल्या प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद सुरू झाल्यावर. २०१० मध्ये त्याला पैशाची जोड मिळाली: रुग्णाची शस्त्रक्रिया ३६ तासांत झाली, वृद्धचिकित्सकाने त्याला ७२ तासांत पाहिलं आणि ठरलेल्या इतर गोष्टी पाळल्या, तर रुग्णालयाला जादा रक्कम. २००७ ते २०११ या काळात नोंदीत सामील रुग्णालयांत तीस दिवसांतला मृत्युदर १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आला. डॉक्टरांचा चांगुलपणा हवाच. पण चांगुलपणाला नोंदवही आणि खर्चाची तरतूद यांचं बळ नसेल, तर तो एका माणसाच्या बदलीबरोबर संपतो.

आता आपल्याकडे येऊ. भारतात या शाखेची मुहूर्तमेढ मद्रासला झाली. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली तिथल्या सरकारी रुग्णालयात वृद्धांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, आणि मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली या विषयातली एम.डी. सुरू झाली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या विसाव्या कलमात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्यतो खाटा, वेगळ्या रांगा आणि जिल्हा रुग्णालयात या कामाचा अनुभव असलेला डॉक्टर यांचा उल्लेख आहे. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय हे त्यातलं एक प्रादेशिक केंद्र. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष ही त्या कार्यक्रमाची कल्पना.

या दहा खाटांविषयी मला काळजीने बोलायचं आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसं दहा कोटींहून अधिक होती, महाराष्ट्रात लोकसंख्येच्या ९.९ टक्के. ती संख्या आता खूप पुढे गेली आहे. कुठल्याही जिल्हा रुग्णालयात सकाळी चक्कर मारा. म्हातारी माणसं अस्थिरोग विभागात आहेत, सर्जरीत आहेत, मेडिसिनच्या वॉर्डात आहेत, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला आलेली आहेत. दहा खाटा भरल्यावर उरलेल्यांचं काय? कक्ष हवाच, तो शिकण्या-शिकवण्याची जागा आहे. पण ज्याला खाट मिळाली नाही त्याच्यापर्यंत पोहोचणारं पथक नसेल, तर वृद्धसेवा त्या एका खोलीच्या दारापाशी थांबते. म्हणून कक्ष की पथक हा वाद आपल्याला परवडणारा नाही.

‘तज्ज्ञ आहेत कुठे?’ असं मला नेहमी विचारलं जातं. वृद्धचिकित्सेतले एम.डी. फार थोडे आहेत, खरं आहे. पण वर सांगितलेल्या कामांकडे पुन्हा पाहा. नळी काढणं, पाणी पाजणं, चष्मा लावणं, गोळ्या मोजणं, बसवणं, चालवणं. त्यासाठी मन लावून शिकलेला एक फिजिशियन, एक अनुभवी सिस्टर, एक फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवा अधीक्षक एवढी माणसं पुरतात. ही पदं आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत आजही आहेत. त्यांना आठवड्यातून काही तास नव्हे, रोज सकाळचा वेळ या कामासाठी मोकळा करून द्यायला हवा.

आणि आपल्याकडे एक गोष्ट आहे जी पाश्चात्त्य रुग्णालयांना मुद्दाम उभी करावी लागली. शॅरन इनौये यांनी येल इथे भ्रम टाळण्याचा जो कार्यक्रम बसवला, त्यात प्रशिक्षित स्वयंसेवक होते. ते रुग्णाशी गप्पा मारत, वार-तारीख सांगत, चालायला नेत, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून देत, रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध देत, पाठ चोळून देत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८५२ रुग्ण होते. भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. एकदा भ्रम झाल्यावर मात्र त्याची तीव्रता या उपायांनी कमी झाली नाही. फायदा झाला तो भ्रम टाळण्यात. आपल्याकडे हे काम करणारं माणूस खाटेशेजारी चटई टाकून बसलेलं असतंच. लेक, सून, नातू. त्यांना आपण औषधं आणायला, बिल भरायला आणि सही करायला पळवतो. पथकातल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी अर्धा तास त्यांच्याशी बोलावं: काय बघायचं, किती पाजायचं, कसं बसवायचं, आजी अचानक गप्प झाल्या तर कुणाला सांगायचं. अतिदक्षता विभागातही एका ओळखीच्या माणसाला ठरलेल्या वेळी जवळ बसू द्यावं. संसर्गाची भीती हात धुऊन आणि शिस्तीने आवरता येते, अनोळखी चेहऱ्यांमध्ये एकटं पडल्याची भीती तशी आवरता येत नाही.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत नवा डॉक्टर खाटेपाशी आला की नातेवाइकांना बिलातली आणखी एक व्हिजिट दिसते, आणि त्यांचा अनुभव पाहता ते चुकीचे नसतात. म्हणून पथकाचं शुल्क भेटीगणिक घेऊ नये. मुक्कामाला एकदाच, ठरावीक असावं. पथक जितक्या गोळ्या आणि तपासण्या कमी करेल तितका खर्च तिथेच वाचतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. त्यातल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या रकमेला इंग्लंडसारखी अट आणि जादा मोबदला जोडता येईल. ही मागणी सरकारपर्यंत डॉक्टरांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनांनी मिळून न्यायला हवी.

शल्यचिकित्सक मित्रांनाही दोन शब्द. आपल्या रुग्णावर दुसऱ्या कुणी आदेश लिहावेत हे रुचत नाही, मी ते समजू शकतो; रुग्णाचं काही बरंवाईट झालं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. म्हणून आधी बसून ठरवा. नळी, वेदनाशामक, झोपेची औषधं, उपाशी ठेवण्याची मुदत, खाणंपिणं, उठवणं एवढ्या बाबतींत पथकाने थेट आदेश लिहावेत, बाकी सगळं तुमचं. ज्या रुग्णालयांत ही वाटणी लेखी झाली आहे, तिथे भांडणं होत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण ती फाइलीतून होत नाहीत, समोरासमोर होतात आणि मिटतात.

इथे काही रुग्णालयांचे विश्वस्त बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. सगळं रुग्णालय बदलायला जाऊ नका. एक वॉर्ड घ्या, अस्थिरोगाचा. साठीवरचा, खुबा मोडलेला प्रत्येक रुग्ण चोवीस तासांच्या आत पथकाने पाहावा, मग रोज पाहावा, पहिल्या दिवशी पाचच सूचना द्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्या पाळल्या का ते तपासावं. वर्षभर नोंद ठेवा: किती जणांना भ्रम झाला, किती जण पूर्वीसारखे चालू लागले, किती जण तीन महिन्यांनी स्वतःच्या घरात आहेत. आकडे चांगले येवोत की वाईट, ते जाहीर करा. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर ते वाचून दाखवायला तुमच्यापैकी कुणीतरी उभं राहावं.